होस्टनेमवर विश्वास ठेवू नका, बॉक्सलाच विचारा

समोरचा नेटवर्कचा बॉक्स स्विच आहे (एकाच नेटवर्कमधली मशीन जोडणारा) की राउटर (वेगवेगळी नेटवर्कं जोडणारा), हे त्याच्या नावावरून, म्हणजे होस्टनेमवरून, ठरवलं की काय होतं ते सांगतो. मागे एकदा रात्री एका साइटवर पोर्ट बदलायचं काम होतं, अगदी छोटं, एक पोर्ट २० नंबरच्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळं काढलेलं आभासी नेटवर्क) टाकायचा आणि झालं. एसएसएच केलं (दुरून लॉगिन), प्रॉम्प्टवर जे नाव आलं त्यात एसडब्ल्यू, म्हणजे स्विच, होतं, शीटमध्ये पण स्विच असंच लिहिलेलं, मग नेहमीचा टेम्प्लेट उचलला आणि पेस्ट केला. त्या टेम्प्लेटची पहिलीच ओळ होती 'डिफॉल्ट इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/१', म्हणजे त्या पोर्टवरचं जुनं सगळं कॉन्फिग पुसून टाक, आणि खाली स्विचपोर्टच्या ओळी. पहिली ओळ गेली आणि स्क्रीन तिथेच अडकली. एंटर दाबतोय, काही नाही, दुसऱ्या खिडकीत पिंग लावला तर तोही बंद.

तो स्विच नव्हताच. आधी तिथे स्विच होता, तो काढून कुणीतरी राउटर बसवला होता आणि नाव मात्र जुनंच ठेवलं होतं, शीटही कुणी बदलली नव्हती. ०/१ नावाचा पोर्ट दोन्हीकडे असतो त्यामुळे कमांडनेही तक्रार केली नाही, फक्त त्या राउटरच्या ०/१ वर आयपी होता आणि माझं सेशन त्याच आयपीवरून चालू होतं. शेवटी साइटवरच्या माणसाला फोन करून उठवलं आणि बॉक्सची पॉवर बंद-चालू करायला लावली, राइट मेमरी (बदल सेव्ह करणं) केलेलं नव्हतं म्हणून स्टार्टअप कॉन्फिग, म्हणजे आधी सेव्ह केलेलं, जसंच्या तसं वर आलं. पण तेवढा वेळ लोकांचं काम थांबलं होतं, आणि ते मला खूप लागलं, कारण एक कमांड आधी मारली असती तर हे झालंच नसतं.

ती कमांड म्हणजे सिस्कोच्या बॉक्सवरची शो व्हर्जन. एनेबल पासवर्ड (वरच्या अधिकारांचा) नसला तरी चालते. यात इमेजचं (बॉक्सच्या सॉफ्टवेअर फाइलचं) नाव, मॉडेल, अपटाइम, किती इंटरफेस आहेत सगळं येतं. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर शेवटी एक छोटा टेबल येतो, स्विच, पोर्ट्स, मॉडेल, व्हर्जन अशा कॉलमचा, तो दिसला की बहुतेक वेळा शंका मिटते. इमेजच्या नावात सी२९६० आलं तर स्विच, सी२९०० आलं तर राउटर, बघा, आकडे किती जवळचे आहेत, घाईत डोळा सहज फसतो. आणि नुसत्या मॉडेलवरही निर्धास्त राहू नका. सी१००० हा स्विच आहे आणि सी११११ हा राउटर आहे, ज्याच्या पोटात मॉडेलप्रमाणे चार किंवा आठ स्विच पोर्ट दिलेत. कॅटॅलिस्ट म्हटलं की स्विच असं आपण वर्षानुवर्षं डोक्यात बसवलंय, पण कॅटॅलिस्ट ८३०० हा राउटर आहे. म्हणून शो इन्व्हेंटरी मारून पीआयडी (नेमका मॉडेल नंबर) कॉपी करायचा आणि डेटाशीटमध्ये शोधायचा, दोन मिनिटांचं काम आहे.

मग शो आयपी इंटरफेस ब्रीफ. माझी सगळ्यात आवडती कमांड हीच, कारण एका नजरेत बॉक्सचा स्वभाव कळतो. स्विचवर मारली की ओळीच्या ओळी येतात, २४ नाहीतर ४८ पोर्ट, आयपीच्या कॉलममध्ये सगळीकडे अनअसाइन्ड, आणि वरती एकटा व्हीलॅन १ किंवा मॅनेजमेंटचा एखादा व्हीलॅन, त्यालाच काय तो आयपी. राउटरवर मारली की चार-पाच ओळी, जवळजवळ प्रत्येक वापरातल्या पोर्टला स्वतःचा आयपी, एखादा लूपबॅक, एखादा टनल (दोन्ही फक्त सॉफ्टवेअरमधले इंटरफेस), कधी ०/०.१० असा टिंब असलेला सबइंटरफेस, म्हणजे पोर्टचा आभासी भाग. न वापरलेले पोर्टही बघा. राउटरचे पोर्ट मुळातच शटडाउन असतात म्हणून तिथे 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन' येतं, स्विचचे पोर्ट मुळात उघडे असतात म्हणून केबल नसेल तर नुसतं 'डाउन'. आकड्यांवरूनही अंदाज येतो, १/०/१ असं १ पासून सुरू होत असेल तर बहुधा स्टॅकवाला (अनेक जोडून एक केलेला) स्विच, तो पहिला १ म्हणजे स्टॅकमधला मेंबर नंबर, आणि ०/०/० असेल तर बहुधा राउटर.

आता खरा मुद्दा. नाव, मॉडेल, आकडे ही सगळी वरची ओळख झाली, बॉक्स काम काय करतोय ते त्याच्या टेबलमध्ये असतं. स्विच फ्रेमवरचा (डेटाच्या तुकड्यावरचा) मॅक, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता, बघून ठरवतो कुठल्या पोर्टने बाहेर पाठवायचं, म्हणून त्याचा जीव मॅक टेबलमध्ये. राउटर पॅकेटचा डेस्टिनेशन आयपी बघतो, म्हणून त्याचा जीव राउटिंग टेबलमध्ये. शो मॅक ॲड्रेस-टेबल मारा, स्विच असेल तर मॅक, व्हीलॅन, पोर्ट अशी यादी येते, आणि या नोंदी मुळात ३०० सेकंदांनी शिळ्या होतात, त्यामुळे रात्री शांत नेटवर्कवर यादी छोटी दिसली तर घाबरू नका. साध्या राउटरवर हीच कमांड 'इनव्हॅलिड इनपुट' म्हणून परत येते, खाली ती टोपीची खूण. तो एरर नाही, तुमच्या प्रश्नाचं उत्तरच आहे ते. शो इंटरफेसेस स्टेटसचंही तसंच, ती मुळात स्विचची कमांड. फक्त मगाशी म्हटलेल्या सी११११ सारख्या बॉक्सवर मॅक टेबल पण मिळतो, कारण आत खरंच एक छोटा स्विच बसलाय.

आणि शो आयपी राउट. लेयर २ स्विचवर, म्हणजे फक्त मॅक बघून पाठवणाऱ्या साध्या स्विचवर, ही मारली की खूप जण गोंधळतात, कारण कमांड चालते तर खरी पण नेहमीची सी, एस, ओ अशा अक्षरांनी सुरू होणारी रूटची यादी येतच नाही, डिफॉल्ट गेटवे काय आहे आणि आयसीएमपी रिडायरेक्टचा कॅशे रिकामा आहे एवढंच येतं. म्हणजे हा बॉक्स आयपीच्या बाबतीत एखाद्या साध्या पीसीसारखा आहे, स्वतःचं पॅकेट बाहेर पाठवायला त्याला गेटवे लागतो, दुसऱ्यांची पॅकेट तो राउट करत नाही.

सगळ्यात जास्त फसवतो तो लेयर ३ स्विच, म्हणजे राउटिंगही करणारा स्विच. दिसायला ४८ पोर्टचा स्विच, मॅक टेबल भरलेला, आणि शो आयपी राउटमध्ये ओएसपीएफचे (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात ती पद्धत) रूट पण. मग हा कोण? माझं मत असं की अशा वेळी 'कोण' विचारूच नये, 'या पोर्टवर काय चाललंय' हे विचारावं. शो रनिंग-कॉन्फिगमध्ये आयपी राउटिंग ही ओळ शोधा, मग इंटरफेस व्हीलॅन किती आहेत आणि त्यांना आयपी आहेत का बघा, आणि मग ज्या पोर्टला हात लावणार त्याच्याखाली 'नो स्विचपोर्ट' आहे का ते बघा. ती ओळ असेल तर तो पोर्ट राउटरच्या पोर्टसारखाच वागतो, त्याला व्हीलॅनमध्ये टाकायला जाल तर त्याचा आयपी जाईल. म्हणजे एकाच बॉक्सवर शेजारशेजारचे दोन पोर्ट वेगळ्या जातीचे असू शकतात!

शेजारच्या बॉक्सवरून बघायचं असेल तर शो सीडीपी नेबर्स, सीडीपी म्हणजे शेजारी बॉक्सनी एकमेकांना ओळख सांगायची सिस्कोची पद्धत. कॅपॅबिलिटीच्या कॉलममध्ये आर म्हणजे राउटर, एस म्हणजे स्विच, आय म्हणजे आयजीएमपी (मल्टिकास्टचा प्रोटोकॉल). नुसतं 'एस आय' आलं तर लेयर २ स्विच असण्याची शक्यता दाट, पण 'आर एस आय' लेयर ३ स्विचही देतो आणि बरेच राउटरही देतात, त्यामुळे इथे प्लॅटफॉर्मचा कॉलम जास्त कामाचा. एलएलडीपीमध्ये (तशीच पद्धत, पण सगळ्या कंपन्यांची) अक्षरांचा अर्थ बदलतो आणि हे माहीत नसेल तर मोठी गल्लत होते, तिथे स्विच म्हणजे बी, ब्रिजचा बी, आणि एस म्हणजे स्टेशन, टी म्हणजे टेलिफोन. एलएलडीपीत एस बघून स्विच समजणारे मी पाहिलेत.

लॉगिनच नसेल तर आपल्या मशीनवरून ट्रेसराउट करा. पॅकेट राउट करणारा प्रत्येक बॉक्स टीटीएल, म्हणजे पॅकेटमधला उरलेल्या टप्प्यांचा आकडा, एकने कमी करतो म्हणून तो हॉपमध्ये दिसतो, फायरवॉलने उत्तर दाबलं तर तिथे नुसते तारे येतात. लेयर २ स्विच मध्ये दहा असले तरी एकही दिसणार नाही, त्याला मॅनेजमेंट आयपी असला तरी नाही. एसएनएमपी (बॉक्सची माहिती दुरून विचारायची पद्धत) वाचायची परवानगी असेल तर १.३.६.१.२.१.१.७ हा ओआयडी (त्या माहितीचा क्रमांक) विचारून बघा, लेयर २ साठी २ आणि लेयर ३ साठी ४ अशी बेरीज येते, पण बऱ्याच बॉक्सवर दोन्ही मिळून आकडा येतो म्हणून मी त्याच्याबरोबर शेवटी ७ ऐवजी १ असलेला ओआयडी पण वाचतो, त्यात बॉक्सचं वर्णन सरळ शब्दांत असतं.

त्या रात्री राउटर परत वर आल्यावर मी आधी शो व्हर्जन मारलं, मग शो आयपी इंटरफेस ब्रीफ. ०/१ समोर आयपी स्वच्छ दिसत होता. मग 'रिलोड इन १०' लावलं (मी रद्द केलं नाही तर दहा मिनिटांनी बॉक्स आपोआप रीस्टार्ट), सेव्ह करू का विचारल्यावर नो, होस्टनेम बदललं, सेशन नीट चालू आहे बघून रिलोड कॅन्सल केलं आणि मगच राइट मेमरी. शीटमधली ओळही त्याच वेळी दुरुस्त केली. तो २० नंबरच्या व्हीलॅनवाला पोर्ट खरं तर त्याच्या खालच्या स्विचवर होता, तो बदलायला दोन मिनिटंही लागली नाहीत.