स्टेजकडे पाठ

बॅरिअरवरच्या स्टुअर्डने, म्हणजे गर्दी सांभाळणाऱ्या माणसाने, स्टेजकडे बघायचं नसतं. तोंड गर्दीकडे, पाठ बँडकडे. १० जून २०२३ ला इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हिल्सबरो पार्कमध्ये आर्क्टिक मंकीज या तिथल्याच रॉक बँडचा अख्खा कार्यक्रम मी असाच ‘पाहिला’. शिकत असताना सुट्टीच्या दिवशी मी हे काम करायचो.

ब्रीफिंगला सुपरवायझरने पार्कशेजारच्या स्टेडियमकडे नुसता हात केला. १९८९ साली तिथल्या चेंगराचेंगरीने ९७ जणांचे प्राण घेतले. त्यामुळे चेहरे वाचा, ओठ पांढरे पडलेले दिसले की माणूस बाहेर काढा, हे इथे कुणाला दोनदा सांगावं लागत नाही.

त्याच स्टेडियमचा फुटबॉल संघ, शेफिल्ड वेन्सडे, मे महिन्याच्या अखेरीस वेम्बलीत जिंकून वरच्या डिव्हिजनमध्ये गेला होता. गर्दीत निळे-पांढरे शर्ट इतके, की मॅचचीच ड्युटी वाटावी. बँडचा गायक ॲलेक्स टर्नरही वेन्सडेवालाच. बँडमधली ही पोरं हाय ग्रीनची, म्हणजे शहराच्या उत्तर टोकाची. २००२ मध्ये त्यांनी बँड काढला तेव्हा शाळा नुकती संपत आली होती.

आधीचा बँड ‘द हाइव्ह्ज’ वाजवत असताना पन्नाशीच्या एका बाईंना चक्कर आली. आम्ही दोघांनी त्यांना बॅरिअरवरून उचलून आत घेतलं. पॅरामेडिकने तपासलं, पाणी पाजलं. मागे जाऊन बसा म्हटल्यावर त्या ठाम नाही म्हणाल्या. शेवटी सुपरवायझरने त्यांना माझ्या बाजूला, पाण्याच्या टेबलापाशी बसू दिलं.

“मी यांना बोर्डवॉकमध्ये ऐकलंय, लव्ह,” त्यांनी सुरुवात केली. बोर्डवॉक म्हणजे टर्नर जिथे बारवर काम करायचा तो क्लब. तेव्हा बँड घरी बर्न केलेल्या सीड्या कार्यक्रमात फुकट वाटायचा. लोकांनी ती गाणी इंटरनेटवर चढवली, मायस्पेस या तेव्हाच्या सोशल साइटवरचं पानही चाहत्यांनीच उघडलं. म्हणून जानेवारी २००६ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात ३ लाख ६० हजारांवर प्रती खपल्या. ब्रिटनमध्ये कुठल्याही बँडच्या पहिल्या अल्बमने तोवर असा वेग दाखवला नव्हता.

‘ब्रायनस्टॉर्म’ सुरू झालं आणि चाळिशीतली माणसं पोरांसारखी उसळली. बिअरचे ग्लास माझ्या डोक्यावरून गेले. ‘आय वॉना बी युअर्स’ला मात्र तेच लोक हाताची घडी घालून उभे राहिले, आणि पहिल्या रांगेतल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली ढसाढसा रडायला लागल्या. पहिला अल्बम आला तेव्हा यांतल्या काहींचा जन्मही झालेला नसेल. त्यांचा बँड २०१३ च्या ‘एएम’ या अल्बमपासून सुरू होतो, टिकटॉकवर त्यांना सापडलेला. एका बॅरिअरला टेकून दोन वेगवेगळे बँड ऐकले जात होते.

बाईंचं बँडशी बिनसलं होतं ते २००९ ला. जॉश हॉमी या अमेरिकन रॉक संगीतकाराच्या नादाने ही पोरं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात गेली, केस वाढवले, गाणी जड झाली. पुढे टर्नरच्या बोलण्यातला यॉर्कशरचा, म्हणजे शेफिल्डकडचा, हेलही पातळ झाला. आणि २०१८ मध्ये गिटार मागे सारून त्याने पियानोवर चंद्रावरच्या हॉटेलाची गाणी रचली. “त्या हॉटेलात मी काही उतरले नाही,” बाई म्हणाल्या.

मला तो चंद्रावरच्या हॉटेलाचा अल्बमच सगळ्यात धीट वाटतो. पहिल्या अल्बमसारखं, टॅक्सीची रांग, क्लबच्या दारावरचे बाउन्सर, शनिवार रात्रीची भांडणं हे विशीत लिहिता येतं. तिशीतल्या श्रीमंत माणसाने तेच लिहिलं असतं तर सोंग झालं असतं. हे मी ड्युटीवर बोललो नाही, अर्थात.

शेवटाकडे ‘आय बेट यू लुक गुड ऑन द डान्सफ्लोअर’ आलं तेव्हा मात्र दोन्ही वयं एकदमच पुढे रेटली. बॅरिअरला धक्का बसला. आम्ही सगळे पायरीवर चढलो, हाताने ‘मागे, मागे’ करत राहिलो. काही मुलींना उचलून बाहेर काढलं. त्यातली एक बाईंच्याच शेजारी येऊन बसली आणि दोघी गळ्यात गळा घालून, शब्द न चुकवता गात सुटल्या.

निघताना मी बाईंना विचारलं, पुढच्या दौऱ्याला याल का?

“येणार की. आधी नवा अल्बम ऐकून शिव्या घालीन, मग तिकीट काढीन,” म्हणाल्या आणि ट्रामची रांग कुठून सुरू होते ते विचारलं. रांग पार्कच्या बाहेरच्या वळणापर्यंत गेली होती.