ढगातला सातारा

रविवार, रात्री साडेनऊ

अजिंक्यताऱ्यावर जाऊन आलो. दीड तास वर होतो, सातारा दिसला जेमतेम चार मिनिटं.

चूक माझी. श्रावणात सकाळी सकाळी गडावरून काय कपाळ दिसणार, असं आई काल रात्रीच म्हणाली होती. पण मी पुण्याहून दोनच दिवसांसाठी आलेली, आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अण्णा वर्षभर वर गेलेच नव्हते. "गाडी पार दरवाजाच्या खालपर्यंत जाते, थोडंच चढायचंय," म्हटलं तर सहाच्या ठोक्याला स्वेटर, कानटोपी घालून दारात उभे. हातात छत्री. काठी घेतली की लोक म्हातारा म्हणतात, पावसाळ्यात छत्री कुणीही घेतं!

पायऱ्यांवर शेवाळ होतं. छत्रीचं टोक टेकवायचं, दाबून बघायचं, मग पाऊल. मी मागून दंडाला धरायला गेले तर म्हणाले, "पुढं सरका, पुढं सरका." तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, अजून घरातही तोच आवाज लागतो.

उत्तरेच्या तटावर पोचलो. समोर नुसतं पांढरं. तटापलीकडं हातभर ओलं गवत, त्यानंतर जगच नाही. टॉवरसुद्धा कमरेपासून वर गायब. मी वैतागले. अण्णांनी खिशातली प्लास्टिकची पिशवी दगडावर पसरली, बसले आणि कानटोपी कानांवरून वर केली.

मग मलाही ऐकू यायला लागलं. कुत्री. कुठल्याशा देवळातली घंटा. डाव्या हाताला, लांब, एक इंजिन कण्हत होतं.

"बोगद्याचा चढ," अण्णा म्हणाले. "दुसऱ्यात टाकली बघ. परळीची गाडी असणार."

आणि मग पांढऱ्या ढगात बोट धरून त्यांनी उजवीकडून डावीकडं सगळा मार्ग लावला: पोवई नाका, मोती चौक, राजवाडा, समर्थ मंदिर, बोगदा. प्रत्येक स्टॉपला बोट क्षणभर थांबायचं. कोण उतरायचं, कोण सुट्ट्या पैशांवरून भांडायचं, तेही आलं. समोर करंजे. "तिथं औरंगजेबाची छावणी होती," म्हणाले. १६९९ चा डिसेंबर ते १७०० चा एप्रिल, गड काही हाती येईना. शेवटी तटाखाली सुरुंग लावले. एकाचा दणका असा उलटा बसला की तट मोगलांच्याच अंगावर कोसळला, त्यांचीच शेकडो माणसं गेली. वर किल्लेदार प्रयागजी प्रभू; ते ढिगाऱ्यात गाडले गेले होते, जिवंत निघाले. नंतर गड गेलाच, तोवर राजाराम महाराजही गेले होते. हे सगळं शाळेत वाचलेलं. पण सुरुंग उडाला कुठं हे दाखवायला अण्णांनी छत्री उगारली तेव्हा मी नकळत दोन पावलं मागं सरकले.

"आणि पुढं आठ वर्षांत शाहू महाराजांचा राज्याभिषेक. १७०८. मग खाली गाव वसवलं. ते बघ, राजवाडा."

त्यांचं बोट तिथंच असताना ढग फाटला. नेमका तेवढ्याच जागी, पाटाएवढा. बोटाच्या टोकाला मंगळवार तळं! चौकोनी, हिरवंगार पाणी, भोवती गंजके पत्रे, मधे मधे लाल कौलं, एका गच्चीवर निळी ताडपत्री. राजवाडा चांगला उजवीकडं.

मी काही बोलले नाही. अण्णांनी बोट हळूच उजवीकडं नेलं.

"ढगानं दिशा फिरते," म्हणाले.

चार मिनिटांत राजपथावरची एक बस दिसली, काड्यापेटीएवढी, ती मोती चौकाकडं वळेपर्यंत आम्ही दोघं श्वास धरून बघत होतो. वळली की नाही कळलं नाही. ढग मिटला.

उतरताना त्यांनी माझा दंड धरला, न सांगता. गाडीत बसल्यावर डॅशबोर्डवर दोनदा टकटक केलं. डबल घंटी. मी गिअर टाकला.

आत्ता गुडघा सुजलाय. बर्फाची पिशवी ठेवलीय, आई माझ्याशी बोलत नाहीये. मगाशी शेजारचे काका आले, त्यांना अण्णा सांगत होते, "राजवाडा अगदी समोर दिसला, मी दाखवला तिथंच."