समुद्रातला दिवाबत्ती कर

अर्थशास्त्रात ‘सार्वजनिक वस्तू’ शिकवायची वेळ आली की दीपगृहाचं उदाहरण ठरलेलं. उजेड एका जहाजाला दाखवायचा आणि दुसऱ्यापासून लपवायचा हे जमणारं नाही, म्हणून त्याचे पैसे आपणहून कुणी देणार नाही, म्हणून सरकारने ते करातून भागवावेत. मुलं निमूटपणे लिहून घेतात. वर्गातल्या कितीतरी जणांच्या दारात होडी आहे, पण देवगडच्या दिव्याचा खर्च नक्की कोण भरतं हे अजून कुणी विचारलेलं नाही.

तर तो जहाजंच भरतात. ग्रामपंचायत घरपट्टीबरोबर दिवाबत्ती कर घेते, तसाच हा समुद्रातला. १९२७ च्या दीपगृह कायद्याने बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर टनामागे शुल्क बसवलं. वसुली कस्टमकडे. शुल्क भरलं नाही तर बंदर सोडायचा परवाना मिळत नाही, आणि एकदा भरलं की तीस दिवस पुन्हा मागायचं नाही. उजेड लपवता येत नसला तरी धक्क्याला लागलेलं जहाज अडवता येतं, एवढी साधी युक्ती. त्या कायद्यात पन्नास टनांखालच्या जहाजांना माफी होती. २०२१ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला, शुल्काचं नाव बदललं, पण पद्धत तीच राहिली.

रत्नागिरीचं दीपगृह १८६७ चं, देवगडचं १९१५ चं, जयगडचं १९३२ चं. हे मोठे दिवे केंद्राचे. आता गंमत बघा. जयगडला कोळसा घेऊन येणाऱ्या मोठ्या जहाजावर जीपीएस, रडार, सगळं असतं. कप्तानाने दिव्याकडे पाहिलं नाही तरी त्याचं अडत नाही. पैसे मात्र तो देतो. आणि दिव्याकडे खरोखर डोळे लावून बसतो तो माझा भाऊ, ज्याने आजवर त्यासाठी एक पैसा भरलेला नाही. तो तांडेल आहे, म्हणजे मासेमारी होडीचा कप्तान. जीपीएस त्याच्याकडेही आहे, मासळीच्या जागा तो त्यातच साठवतो. पण परतीच्या वाटेवर दिव्याचे झोत मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी, त्यावरून आपण कुठल्या गावासमोर आहोत ते कळतं. विचारलं तर म्हणतो, “जीपीएस बंद पडता, दिवो नाय.”

इथवर मला तक्रार नाही. मोठ्याने भरावं, धाकट्याने वापरावं, चांगलीच व्यवस्था आहे.

अडचण पुढे आहे. देवगडचा दिवा त्याला किनाऱ्यापर्यंत आणतो. खाडीत शिरायचं ते तोंडाशी असलेल्या छोट्या खांबांच्या भरवशावर: आत येताना तांबडा दिवा डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. कायद्याच्या भाषेत असले दिवे ‘स्थानिक’, त्यांची जबाबदारी वेगळी, तिजोरीही वेगळी. या तिजोरीत कोळशाच्या जहाजाचे पैसे पडत नाहीत. आमच्या खाडीचा हिरवा दिवा गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून बंद आहे. अर्ज झाले, पाहणी झाली, “निधी आला की बघू” हेही झालं. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारी बंदी उठली, होड्या बाहेर पडल्या. पावसाळ्यात वाळूचा दांडा सरकलेला असतो, लाटा अजून उभ्या असतात, म्हणजे वर्षातले सगळ्यात वाईट दिवस. त्या दिवसांत भाऊ खाडीच्या तोंडाबाहेर नांगर टाकून उजाडायची वाट बघतो. बर्फ वितळतो, बांगडा मऊ पडतो, भाव पडतो. हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

दरम्यान फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातली ७५ दीपगृहं पर्यटनासाठी सज्ज झाल्याचा गाजावाजा झाला. होऊ दे. वर चढून समुद्र बघायला मलाही आवडतं. पण मनोऱ्याखाली बाग होते तेवढ्या पैशात किती खाड्यांचे सौर दिवे बसतील, हा हिशोब एकदा कुणीतरी मांडावा. जहाजांच्या शुल्कातला ठरावीक वाटा या छोट्या दिव्यांना मिळाला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मच्छीमारांनीही थोडं भरावं असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. भावाला विचारलं. होडीमागे वर्षाला शंभर-दोनशे द्यायला तो तयार आहे. अट एकच: पावती आमच्या मच्छीमार सोसायटीत फाडायची, आणि पैसे खाडीच्या बाहेर जाता कामा नयेत.