पेन्सिलीची कांडी घरी घडवताना : नोंद चौथी

मागची नोंद पहिला घाणा भट्टीत गेला तिथे थांबली होती. तो घाणा संपूर्ण वाया गेला. परंतु तो का वाया गेला हे समजल्यावर पेन्सिलीच्या इतिहासातील एक गोष्ट मला प्रथमच नीट उलगडली, म्हणून ही नोंद थोडी सविस्तर लिहीत आहे.

नव्या मंडळींसाठी आधी उजळणी. आपण आजही शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसे नसते. इंग्लंडमधील बॉरोडेलच्या खोऱ्यात सोळाव्या शतकात सापडलेले काळे, चकचकीत खनिज लोकांना शिशाचाच एक प्रकार वाटले आणि तो समज शब्दात कायमचा राहिला. ते कार्बनचे रूप आहे हे कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवले, तर लिहिणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ग्राफाइट हे नाव वेर्नर या जर्मन भूवैज्ञानिकाने १७८९ मध्ये दिले. बॉरोडेलचे ग्राफाइट इतके शुद्ध आणि घट्ट होते, की करवतीने कापलेली कांडी थेट लाकडात बसवता येत असे. तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून लावण्यासाठीही ते लागे, त्यामुळे त्याला मोल होते आणि त्याची चोरी हा गंभीर गुन्हा ठरवणारा कायदा १७५२ मध्ये ब्रिटिश संसदेने केला.

१७९३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले आणि फ्रान्सला हे ग्राफाइट मिळेनासे झाले. तेव्हा निकोला-जाक काँते या फ्रेंच संशोधकाने हलक्या प्रतीच्या ग्राफाइटची पूड मातीत मळून, तिच्या कांड्या पाडून त्या भट्टीत भाजण्याची रीत काढली आणि १७९५ मध्ये तिचे पेटंट घेतले. व्हिएन्नात हार्टमुट यानेही त्याच सुमारास ही वाट शोधली होती. माती जास्त तर कांडी कठीण आणि रेघ फिकी. माती कमी तर कांडी मऊ आणि रेघ काळी. एच आणि बी या खुणांच्या मुळाशी हेच प्रमाण आहे. त्यापूर्वी जर्मन कारागीर ग्राफाइटची पूड गंधकात बांधत असत, पण त्या कांड्यांची रेघ खरबरीत उमटे.

माझी माती म्हणजे गणपतीच्या मूर्तींची शाडू. ती ठाण्याच्या जांभळी नाका बाजारातून आणली, पाण्यात कालवून जाड रेती खाली बसू दिली आणि वरचे गढूळ पाणी निवळून जो साका उरला तोच वापरला. ग्राफाइट पाण्याला धरत नाही, पूड वर तरंगत राहते. म्हणून आधी मातीचा पातळ काला करून त्यात ती चमचा-चमचा घालत दगडी खलात चार-चार तास घोटावी लागली. वजनाने ७०:३०, ६०:४० आणि ५०:५० अशी ग्राफाइट व मातीची तीन मिश्रणे केली आणि ती सुई काढलेल्या सिरिंजमधून काचेवर ओढली. पावसाळी हवेत काचेवरच्या कांड्या वाळताना वाकल्या, तेव्हा नालीदार पुठ्ठ्याच्या खाचांत ठेवून पाहिल्या. त्या सरळ राहिल्या.

वागळे इस्टेटजवळच्या एका कुंभारकामाच्या स्टुडिओत विजेची भट्टी भाड्याने मिळते. पहिल्या खेपेस मी कांड्या उघड्या ताटलीत ठेवल्या आणि तापमान ९५० अंशांपर्यंत नेले. दुसऱ्या दिवशी ताटलीत फिकट तपकिरी, खडूसारख्या हलक्या काड्या पडल्या होत्या. बोटांत धरताच भुगा झाला आणि बोट जराही काळे झाले नाही. लाल तापलेल्या भट्टीतील हवेने सगळे ग्राफाइट जाळून टाकले होते आणि मागे उरली होती ती केवळ सच्छिद्र माती. काँतेच्या रीतीत माती आणि आच यांच्याइतकेच हवा बंद ठेवण्याला महत्त्व आहे, हे वाचून माहीत होते. ते पटले मात्र त्या भुग्यामुळे.

दुसऱ्या खेपेस झाकणाच्या मातीच्या भांड्यात कोळशाची पूड भरली, तिच्यात कांड्या पुरल्या आणि झाकणाची फट ओल्या मातीने लिंपली. आत शिरलेला प्राणवायू आधी कोळसा खातो आणि कांडी वाचते. या वेळी कांड्या गडद करड्या निघाल्या आणि टेबलावर टाकल्या की टणत्कार करू लागल्या. मल्टिमीटर लावला तर वीज वाहत होती. ७०:३० च्या कांडीचा रोध ५०:५० च्या कांडीपेक्षा स्पष्टपणे कमी भरला, कारण वीज ग्राफाइट वाहून नेते, माती नाही.

तरीही रेघ कोरडी होती आणि कागद कुरकुरत होता. शेवटची पायरी मेणाची. वितळलेल्या पॅराफिनमध्ये कांड्या सोडल्या तेव्हा त्यांच्या अंगातून बारीक बुडबुड्यांच्या माळा निघू लागल्या. छिद्रांतील हवा बाहेर पडत होती आणि तिच्या जागी मेण शिरत होते. वीस मिनिटांनी बुडबुडे थांबले. पुसून, सँडपेपरवर टोक काढून ६०:४० ची कांडी ड्रॉइंगच्या कागदावर ओढली, आणि रेघ सरळ, सलग, बाजारातील एचबीच्या जवळ जाणारी उमटली. ५०:५० ची रेघ २एचसारखी फिकी आहे. ७०:३० ची सुरेख काळी आहे, पण मध्येच एखादा रेतीचा कण कागद ओरखडतो. साका आणखी एकदा निवळायला हवा होता.

एक अडचण राहिली आहे. वाळताना आणि भाजताना कांडी आकसते, त्यामुळे नुसती कांडी धरून लिहिण्याच्या २ मिलिमीटरच्या होल्डरच्या चिमट्यात ती सैल बसते. सिरिंजचे तोंड २.२ मिलिमीटरच्या ड्रिलने रुंद करून पुढचा घाणा ओढणार आहे. त्यानंतर लाकूड. जुन्या पेन्सिलींना अमेरिकेतील लाल सीडर वापरत. ते दुर्मीळ झाल्यावर कॅलिफोर्नियातील इन्सेन्स सीडर आले. आपल्याकडच्या पेन्सिलींच्या पट्ट्या मोठ्या प्रमाणावर काश्मीरमधील पुलवामा जिल्ह्यातील पॉप्लरच्या असतात. त्या पट्टीच्या दोन तुकड्यांत खाचा पाडून, मधे ६०:४० ची कांडी सरसाने चिकटवून पाहणार आहे. पट्ट्या मागवल्या आहेत.