धापेवाड्याच्या वाटेवर, माघात

सहा वर्षं झाली, दर वद्य एकादशीला आम्ही नऊ-दहा जण नागपूरहून धापेवाड्याला पायी जातो. काटोल नाक्यावरून निघायचं, फेटरीवरून कळमेश्वर गाठायचं आणि तिथून सावनेरच्या रस्त्याला लागायचं. सुमारे ३५ किलोमीटर. विदर्भाचं पंढरपूर म्हणतात ते हे संत कोलबास्वामींचं गाव. इथल्या नदीचं नावही चंद्रभागाच. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पंढरीचा पांडुरंग इथे येतो अशी श्रद्धा, त्यामुळे तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. आम्ही मात्र बारा महिन्यांचे. आणि मी वर्षभर वाट बघते ती माघातल्या वारीची.

नागपुरात वसंत नसतोच, स्वेटर ठेवले की कूलर काढायचे, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. मीही म्हणायची, गाडीवरून ऑफिसला जात होते तोवर. पायी चालायला लागले आणि कळलं की तो येतो. मोजून पंधरा-वीस दिवस राहतो, पण येतो.

यंदा पहाटे साडेतीनला निघालो. एकादशीची बारीक कोर नुकतीच पूर्वेला वर आली होती. शाल कानावरून घट्ट ओढलेली. बापूजींच्या गळ्यात वीणा, सुमनमावशींच्या डोक्यावर तुळस. गोरेवाड्याच्या जंगलाकडेनं जाताना थंडीचे पट्टे लागतात. रस्ता खोलगट झाला की गारठा पायांना धरतो, चढ आला की अंगाला ऊब लागते. पौषात हा फरक नव्हता, सगळा रस्ता सारखाच गार होता. "शिवरात्रीला शिव शिव करत जाते थंडी," मावशी म्हणाल्या. शिवरात्र दोनच दिवसांवर होती.

फेटरीच्या पुढे उजाडलं. तांबटाची टुक-टुक सुरू झाली, एकसारखी, कुणी लांब तांब्याचं भांडं ठोकावं तशी. गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडायला लागलेल्या, हरभरा घाट्यांवर आलेला, काही शेतांत कपाशीची पऱ्हाटी उपटून बांधावर रचलेली. कडुनिंबाची पानं चालता चालता अंगावर गळत होती. एका पळसाखाली आम्ही पाणी प्यायला थांबलो. झाड पुरतं फुललं नव्हतं. वरच्या फांद्या केशरी, खालच्यांवर नुसत्या कळ्या, काळपट मखमलीत गुंडाळलेल्या. एक फूल खाली पडलं होतं ते उचललं. बाकदार पाकळी अगदी पोपटाच्या चोचीसारखी, हात लावला तर मऊ लव. संस्कृतात याला किंशुक म्हणतात, 'हा पोपट तर नव्हे?' असं. वर पळसमैनांचा थवा एवढा भांडत होता की बापूजींना अभंगाची पट्टी वर न्यावी लागली.

पण माझं सगळं लक्ष कळमेश्वरच्या पुढच्या एका संत्र्याच्या बागेकडे लागलं होतं.

पौषाच्या वारीत ती बाग मला मेलेली दिसली होती. पानं पिवळी, कडा आत वळलेल्या, बुडाशी पाचोळ्याचा थर, जमिनीला भेगा. पोटात कालवलं. कुंपणाशी एक म्हातारे काका उभे होते. न राहवून विचारलं, "काका, बाग गेली का हो?"

"गेली नाही जी, ताण देला हाये. मयना झाला पानी तोडून."

हिवाळा सरताना फुलतो त्या आंबिया बहाराची ही रीत मला तोवर नीट ठाऊक नव्हती. डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. थंडी आणि तहान दोन्ही एकदम बसली की झाडाची वाढ थांबते, ते अन्न साठवून गप्प राहतं. मग जानेवारीच्या मध्याला पाणी सोडायचं. ताण नीट बसला असेल तर नवती आणि फुलं बरोबरच फुटतात. मधेच अवकाळी पाऊस झाला तर ताण मोडतो, नुसती पानं येतात. म्हणून त्या काकांची नजर सारखी आभाळाकडे होती. पावसाळ्याच्या तोंडावर फुलतो तो मृग बहार. त्याची फळं या दिवसांत तोडणीला येतात. त्यामुळे माघात रस्त्याच्या एका बाजूला संत्र्यांनी लगडलेली झाडं आणि दुसऱ्या बाजूला फुललेली, असंही दिसतं.

यंदा बाग दिसायच्या आधी वास आला. वाऱ्याची झुळूक यायची तेव्हा गोड, थोडा कडवट, आणि झुळूक सरली की नाहीसा. बापूजी अभंग म्हणता म्हणता थांबले. मग ती दिसली. तीच झाडं, तीच कुंपणाची तार, आणि फांदीफांदीला पांढरी फुलं, त्यांच्यात पोपटी पालवी. मधमाश्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मला रडूच आलं, आणि मी ते लपवलं नाही.

काकांनी ओळखलं. आत बोलावलं, सगळ्यांना माठातलं पाणी दिलं. मी एका फांदीजवळ गेले. फूल करंगळीच्या नखाहून थोडंसंच मोठं, पाच जाड पाकळ्या, मधे पिवळ्या टोकांच्या तंतूंचं कडं, आणि त्या कड्याच्या आत हिरवा मणी, मोहरीपेक्षा जरासा मोठा.

"हे संत्रं?"

"हेच. पन समदे नाही टिकत जी. लय गयते."

तोडायला मन धजेना. काकांनीच बुडाशी गळलेली फुलं ओंजळभर गोळा केली आणि माझ्या रुमालात बांधली. "इठोबाले द्या."

पुढचं चालणं उन्हातलं. शाल पिशवीत, डोक्यावर ओला पंचा, डांबर चपलेतून भाजायला लागलेलं. मागच्या वर्षी ज्या आंब्याखाली फराळाला बसलो तो रस्तारुंदीत गेला होता. फराळाचे डबे उन्हातच उघडले. त्या आंब्याला या दिवसांत भरून मोहर असायचा. बसलो तिथे कुणीच त्याचं नाव काढलं नाही, पण सगळे त्याच जागेकडे बघत होते.

धापेवाड्याला पोचलो तेव्हा पाच वाजले होते. चंद्रभागेत पाय बुडवले. देवळात रुमाल सोडला तर पाकळ्या तपकिरी पडलेल्या. मी मागे हात घेतला. पुजारीबुवांनी मात्र रुमाल नाकाशी नेला, डोळे मिटले आणि तशीच फुलं तुळशीच्या मंजुळांसोबत विठोबाच्या पायांवर ठेवली.

काकांनी सांगून ठेवलंय, "फागनातल्या एकादशीले या. तवर वाटान्याएवढे झाले असन, टिकले ते दाखवतो."