टर्बोच्या शाफ्टवर बसलेली मोटर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या मशीन शॉपमध्ये गेली बारा वर्षे टर्बोचार्जरच्या टर्बाइन हाउसिंगचे, म्हणजे टर्बाइनभोवतीच्या कवचाचे, मशिनिंग होते. शिरोलीच्या फाउंड्रीतून आलेले हे कास्टिंग गोगलगाईच्या शंखासारखे दिसते. बाहेरच्या तोंडाशी रुंद असलेली पोकळी वळत वळत मध्याकडे निमुळती होत जाते, त्यामुळे इंजिनातून जळून बाहेर पडलेला वायू त्या वाटेने जाताना वेग घेतो आणि मधल्या चाकाला, म्हणजे टर्बाइनला, फिरवतो. ते चाक ज्या शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, बसते त्याच्या दुसऱ्या टोकाचे चाक, म्हणजे कॉम्प्रेसर, ताजी हवा दाबून इंजिनात भरते. पेट्रोल इंजिनात हा वायू हजार अंशांच्या आसपास तापलेला असतो, म्हणून साध्या बिडाचे तिथे काम नाही. भरपूर निकेल घातलेले बीड किंवा उष्णतेला टिकणारे पोलाद लागते आणि ते कापताना इन्सर्ट, म्हणजे हत्याराची कापणारी टोके, भराभर झिजतात. सगळ्यांत नाजूक काम वेस्टगेटच्या भोकाचे. दाब प्रमाणाबाहेर वाढला तर जादा वायूला टर्बाइन टाळून जाण्यासाठी ठेवलेली ही पळवाट असते, आणि तिच्या झडपेची बैठक किंचित जरी वाकडी कापली गेली तरी नग बाद होतो.

वाया जाणाऱ्या धुरातून ताकद काढण्याच्या या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतले. रोज हाताळूनही मला तिचे कौतुक वाटायचे थांबलेले नाही. म्हणूनच ‘इलेक्ट्रिक आले, आता तुमच्या टर्बोचे काय?’ असे कोणी विचारले की मी उत्तर टाळत नाही, मात्र ते एका वाक्यात देताही येत नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी पहाटे आम्ही दोन गाड्या घेऊन मलकापूरमार्गे आंबा घाटात गेलो होतो. माझी एक लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची छोटी गाडी आणि मित्राची नवी इलेक्ट्रिक. दोन्हींपैकी एकही स्पोर्ट्स कार नव्हे, पण घाट हा असा परीक्षक आहे की तत्त्वातला फरक तो साध्या गाडीतही उघड करून दाखवतो. साखरप्याकडून वर चढताना आवळ वळणावर मी दुसऱ्या गिअरमध्ये पाय दिला, तेव्हा गाडीने आधी क्षणभर काहीच केले नाही आणि मग एकदम उचल खाल्ली. वळणापूर्वी पाय काढला की धुराचा प्रवाह घटतो, टर्बाइन मंदावते, आणि पुन्हा पाय दिल्यावर ते वेगात येईपर्यंत थांबावे लागते; यालाच टर्बो लॅग म्हणतात. पुढच्या टप्प्यात मी मित्राच्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसलो. शेजारून तो म्हणाला, “लेका, नुसता पाय ठेवून बघ.” पाय ठेवला आणि त्याच क्षणी गाडी निघाली. मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते हे पुस्तकातून मला कधीपासून ठाऊक होते, पण पाठीला ते त्या दिवशी कळले.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हा लॅग केवळ गैरसोयीचा नव्हता, तो धोक्याचा होता. १९७५ साली विक्रीस आलेली पहिली पोर्शे ९११ टर्बो घ्या. तीन लिटरचे इंजिन, २६० अश्वशक्ती, चारच गिअर आणि इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. वळणाच्या मध्यावर टर्बोचा दाब अचानक चढे आणि चालक सावध नसेल तर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाई. रेनोने १९७७ साली फॉर्म्युला वनमध्ये टर्बो आणला तेव्हाही चालकांना वळण येण्याआधीच पाय देऊन ताकदीची वाट पाहण्याची सवय करावी लागली. त्यानंतरच्या काळात एका मोठ्या टर्बोऐवजी दोन छोटे, दुहेरी वाटांचे हाउसिंग, हलकी चाके, चांगल्या बेअरिंग असे किती उपाय निघाले! प्रत्येकाने लॅग कमी केला, पण नाहीसा कोणी केला नाही, कारण टर्बाइनला फिरवणारा वायू इंजिनातूनच यायचा आणि इंजिन वेग घेईपर्यंत तो पुरेसा यायचा नाही.

मग शुद्ध इलेक्ट्रिक गाडीनेच प्रश्न कायमचा सुटला असे म्हणता येईल का? सरळ रस्त्यावर निश्चित म्हणता येईल. रिमॅक नेव्हेरा या क्रोएशियन गाडीला चार मोटर आहेत, १,९१४ अश्वशक्ती आहे आणि शंभरचा वेग ती दोन सेकंदांच्या आत गाठते. पेट्रोल इंजिनाने चालणाऱ्या कोणत्याही गाडीने तिच्या वाटेला जाऊ नये. पण तिचे वजन दोन टनांहून अधिक आहे आणि माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीपाशी येऊन थांबते. पन्नास लिटर पेट्रोल सुमारे ३७ किलो भरते. त्यात साधारण ४४० युनिट ऊर्जा असते, इंजिनाने त्यातली दोन तृतीयांश उष्णतेत घालवली तरी दीडशेच्या जवळपास हाती लागते. ऐंशी युनिटच्या बॅटरीचा संच मात्र पाचशे किलोंच्या आसपास जातो आणि रिकामा झाला तरी तेवढाच जड राहतो. वजन वाढले की ब्रेक मोठे लागतात, टायर रुंद लागतात, स्प्रिंग कडक लागतात, आणि वळणावर गाडीला आत ठेवताना चालकाला ते सगळे जाणवते. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन या सव्वादोन टनांच्या जवळ जाणाऱ्या गाडीत कंपनीने खोटे गिअर आणि स्पीकरमधून इंजिनाचा आवाज दिला आहे. अनेकांनी त्याला नावे ठेवली. मी ठेवणार नाही, कारण वळणापूर्वी आपला वेग किती आहे हे चालक कानाने आणि गिअरने ओळखतो, ही गोष्ट ते करणाऱ्यांना नीट समजली आहे.

हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि मोटर दोन्ही असलेली गाडी, म्हटले की सगळे एकाच माळेचे मणी समजले जातात, आणि इथेच मोठी गफलत होते. मर्सिडीजने सी ६३ या गाडीतले आठ सिलिंडरचे इंजिन काढून दोन लिटरचे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन आणि मागे मोटर बसवली. अश्वशक्ती ६८० झाली, वजन दोन टनांवर गेले, आणि जुन्या इंजिनाच्या चाहत्यांची मने ती जिंकू शकली नाही. बीएमडब्ल्यूची नवी एम ५ तर सुमारे २,४०० किलोंची आहे. या गाड्यांतली वीज काही किलोमीटर धुराविना जाण्यासाठी आणि कागदावरचा आकडा वाढवण्यासाठी जास्त आणि चालकासाठी कमी वापरली गेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याउलट २०२४ साली आलेल्या पोर्शे ९११ कॅरेरा जीटीएस या हायब्रिडची रचना मी जेव्हा प्रथम पाहिली, तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिलो. या गाडीत आधीच्या दोन टर्बोंऐवजी एकच टर्बो आहे, आणि त्याच्या शाफ्टवर, टर्बाइन आणि कॉम्प्रेसर यांच्या मध्ये, एक छोटी विद्युत मोटर बसवली आहे. पाय दिला की धुराची वाट न पाहता मोटरच शाफ्टला वेगात आणते. पुढे धूर जादा झाला की तीच मोटर जनरेटर होऊन त्यातून ११ किलोवॅटपर्यंत वीज काढते, त्यामुळे जादा वायू सोडून देण्याची गरजच उरत नाही. बॅटरी अवघी १.९ युनिटची आहे, गिअरबॉक्समधली दुसरी मोटर ५४ अश्वशक्तीची आहे, आणि एवढे सगळे करून एकूण ५४१ अश्वशक्तीच्या या गाडीचे वजन आधीच्या गाडीपेक्षा फक्त ५० किलोंनी वाढले. प्लग लावायची सोय नाही आणि नुसत्या विजेवर ती चालतही नाही. इथे विजेला एकच काम दिले आहे: टर्बोला जे कधीच जमले नाही, तेवढे करून देणे. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून टर्बोच्या शाफ्टवर अशी मोटर होतीच. २०२६ च्या नियमांत ती काढून टाकली, याचे मला वाईट वाटते.

आंबा घाट उतरतानाचा हिशेब मी घरी येऊन केला. १,६०० किलोंची गाडी ५०० मीटर उतरली तर सुमारे २.२ युनिट ऊर्जा मोकळी होते. वारा, टायर आणि मोटरमधला तोटा वजा केला तरी १.९ युनिटच्या बॅटरीचा बराच भाग त्या एका उतारावर भरून निघेल, आणि परतीच्या चढावर प्रत्येक वळणाला टर्बोला लागणारा हात त्यातूनच मिळेल. आपल्याकडच्या घाटांसाठी याहून नेटकी व्यवस्था मला तरी सुचत नाही. ही गाडी आपल्या ऐपतीतली नाही हे खरे, पण टर्बोसुद्धा एकेकाळी मोजक्याच गाड्यांत होता आणि आज तो माझ्या एक लिटरच्या गाडीत आहे.

गेल्या महिन्यात शॉपमध्ये दरपत्रकासाठी एक नवे ड्रॉइंग आले. मधले हाउसिंग नेहमीपेक्षा लांब, त्यात पाण्याच्या वाटा, आणि तारा बाहेर काढायला एक सपाट तोंड. टर्बाइनच्या बाजूचा शंख मात्र ओळखीचाच होता. आमच्या शॉपमधल्या सर्वांत जुन्या मामांनी चष्मा वर करून ते दोनदा पाहिले आणि मला विचारले, “मालक, ह्यात वेस्टगेटचं भोक ऱ्हायलंय का?” मी म्हटले, “नाही मामा, ते नाहीच आहे.” सॅम्पलचे पाच नग पुढच्या आठवड्यात मशीनवर चढतील.