बाईंनी शिकवलेला 'हेवी'

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख पाठवा असा शाळेचा निरोप आला, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. मला आमच्या इंग्रजीच्या बाईंविषयी लिहायचं आहे, आणि त्यातही त्यांनी आठवीत शिकवलेल्या एकाच विशेषणाविषयी. गेली बरीच वर्षं मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर इंग्रजी बातम्यांचं मराठी करते. त्या कामाचा पाया बाईंच्या तासाला घातला गेला.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आमची पिढी त्याआधीची, एबीसीडी पाचवीत गिरवलेली. आठवीपर्यंत कोणतीही गोष्ट जोरदार आहे हे सांगायला आमच्याजवळ एकच शब्द होता, 'व्हेरी'. तो वापरू नका, असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. त्यांनी सुरुवात केली मराठीतून. फळ्यावर त्यांनी एकाखाली एक शब्द लिहिले: झोप, पाऊस, काळोख, जंगल, थंडी, वारा. प्रत्येकाच्या आधी काय येईल ते आम्ही सांगायचं. गाढ, मुसळधार, मिट्ट, घनदाट, कडाक्याची, सोसाट्याचा. एवढं झाल्यावर त्यांनी विशेषणांची अदलाबदल केली आणि मोठ्यानं वाचलं: मिट्ट पाऊस, सोसाट्याची झोप. वर्ग खो खो हसला. "हसलात का? हे चूक आहे असं कुठल्या व्याकरणात लिहिलंय?" कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण चूक आहे हे बाकावरच्या प्रत्येकाला कळलं होतं. बाई म्हणाल्या, "इंग्रज मुलाला 'स्ट्राँग रेन' ऐकून असंच वाटतं. तिथे पावसाला 'हेवी' म्हणतात आणि वाऱ्याला 'स्ट्राँग'. जोड्या लावायला शिका."

पुढे एम.ए.ला असताना कळलं की भाषाशास्त्रात याला 'कलोकेशन' म्हणतात. ही संकल्पना १९५० च्या दशकात रुजवणारे जे. आर. फर्थ त्याआधी, १९२० च्या दशकात, लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. बाईंनी ही संज्ञा कधी उच्चारली नाही. त्यांनी आम्हाला वहीची मागची पानं राखून ठेवायला सांगितली आणि तिथे जोड्या लिहून घेतल्या.

सगळ्यात जास्त जागा 'हेवी'नं घेतली. हेवी रेन, हेवी ट्रॅफिक, हेवी फाइन, हेवी लॉसेस. बाईंची खूण अशी होती: जे भरपूर येतं आणि येऊन दाबतं, तिथे 'हेवी' लावून पाहा. जे ढकलतं किंवा झोंबतं, तिथे 'स्ट्राँग': वारा, प्रवाह, वास, विरोध, चहासुद्धा. जे सोसावं लागतं, तिथे 'सिव्हिअर': वेदना, दुष्काळ, टंचाई. आणि ज्याचा आकडा वर चढतो, तिथे 'हाय': ताप, रक्तदाब, वेग. ही खूण दारापर्यंतच नेते, हेही त्याच सांगत. आत गेल्यावर प्रत्येक जोडी ऐकून आणि वाचूनच पक्की करायची.

पण मला आजही थक्क करतो तो त्यांचा 'हेवी स्मोकर'चा तास. 'ही इज अ हेवी स्मोकर' म्हणजे तो फार सिगारेटी ओढतो. आता हेच विशेषण क्रियापदापलीकडे न्या: 'द स्मोकर इज हेवी'. अर्थ पार बदलला, आता तो माणूस वजनानं जड झाला. 'हेवी स्लीपर'चंही तसंच, हाका मारल्या तरी न उठणारा, मग अंगानं काडीपैलवान का असेना. म्हणजे इथे 'हेवी' माणसाला लागलेलं नाही, त्याच्या ओढण्याला किंवा झोपण्याला लागलेलं आहे. पावसाला मात्र दोन्ही जागा चालतात: 'हेवी रेन' म्हणा, 'द रेन वॉज हेवी' म्हणा, किंवा क्रियापदाला धरून 'इट रेन्ड हेविली' म्हणा. विशेषण कुठे बसतं यावर त्याचा अर्थ ठरतो, ही गोष्ट आठवीच्या मुलांना इतकी स्वच्छ समजावणारं माणूस मला नंतर विद्यापीठातही भेटलं नाही.

डेस्कवर आल्यावर 'हेवी'ची आणखी एक बाजू दिसली. हवामान खात्याच्या इंग्रजी अंदाजात हा शब्द मोजून वापरलेला असतो. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे 'हेवी', ११५.६ ते २०४.४ म्हणजे 'व्हेरी हेवी' आणि त्याहून जास्त म्हणजे 'एक्स्ट्रीमली हेवी'. २६ जुलै २००५ चे मुंबईचे आकडे या पट्टीवर ठेवून पाहा. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे शेवटच्या पायरीच्याही कितीतरी पुढे. त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर, म्हणजे साधा 'हेवी'. शहर एकच. मराठीत दोन्हीकडे नुसतं 'मुसळधार' छापलं तर वाचणाऱ्याला काय कळणार? म्हणून मी मुसळधार, अतिमुसळधार, अत्यंत मुसळधार या पायऱ्या कटाक्षानं पाळते आणि शेजारी आकडा देते. इथे 'व्हेरी' हा भरीचा शब्द राहत नाही, तो एक पूर्ण पायरी चढवतो.

चक्रीवादळाचंही असंच. ताशी ८९ ते ११७ किलोमीटर वारा असेल तर हवामान खातं 'सिव्हिअर सायक्लोनिक स्टॉर्म' म्हणतं. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलेलं 'निसर्ग' याच वर्गातलं होतं. मराठीत त्याला 'तीव्र' लिहायचं, 'भीषण' किंवा 'महाभयंकर' नाही. मथळा जोरकस व्हावा म्हणून असे शब्द घालायचा मोह डेस्कवर रोज होतो, आणि तो आवरलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. किनाऱ्यावरचा माणूस तो शब्द वाचून होडी ओढायची की घर सोडायचं, हे ठरवत असतो.

बाई निवृत्त झाल्या, त्यालाही आता बराच काळ लोटला. त्यांच्या जोड्या आमच्या बॅचच्या काही जणांच्या वह्यांत अजून आहेत. आम्ही त्या एकत्र करून, मराठी आणि इंग्रजी जोड्या समोरासमोर ठेवून, छोटी पुस्तिका तयार करतो आहोत. येत्या जूनला आठवीच्या प्रत्येक मुलाला ती मिळावी, एवढी विनंती शाळेनं मान्य करावी. छपाईचा खर्च आमची बॅच करेल. शेवटची पानं कोरी ठेवणार आहोत, मुलांना सापडतील त्या जोड्या लिहायला.